पुंगळीला मिशी

"ही मोटार आहे की शिंकणारी शेळी?"

धामणखेडचे जयदेवराव सरकार आपल्या कोऱ्या लाल स्पोर्ट्स कारच्या मागे उभे राहून गरजले. संस्थान कधीच खालसा झालं होतं, पण सरकारांच्या फेट्याला ते अजून कोणी कळवलं नव्हतं!

राजवाड्याच्या जुन्या पागेत रावजी मिस्त्रीचं गॅरेज होतं. सरकारांनी तिथं एक खोकं आपटलं. आत गाडीचा धूर सोडायच्या दोन चकचकीत पुंगळ्या! त्यांत बघून दाढी करावी अशा.

"बाहेरून मागवल्यात. जुन्या काढ, ह्या बसव. आम्ही निघालो की गावाला कळलं पाहिजे!"

रावजीनं बसवल्या. सरकार निघाले आणि गावाला कळलं, चांगलंच कळलं! कोंबड्या कौलांवर चढल्या. शिंप्यानं दचकून पाटलाच्या विजारीला तिसरा पाय शिवला. सरकार खूश!

पण वाड्यापाशी आले, तर आईसाहेबांची दुपारची निजायची वेळ. वरच्या खिडकीतून पितळी पिकदाणी सुटली ती थेट बॉनेटवर. ठण्ण!

"बाळराजे! ह्या वाड्यात एक तर ही किंचाळी राहील, नाहीतर मी!"

पन्नाशीचे बाळराजे पोचा पडलेली गाडी घेऊन परत पागेत.

"रावजी, आईसाहेबांची झोप मोडता कामा नये!"

"मग जुन्याच पुंगळ्या घालतो जी."

"खबरदार! आवाज तसूभर कमी करायचा नाही."

"मग वाड्यापाशी आलं की गाडी ढकलत..."

"आमच्याच दारात आम्ही चोरासारखं यायचं? खिडकीखालीसुद्धा गाडी गरजली पाहिजे! गुरुवारी दुपारी बघू. नाही जमलं तर पागा रिकामी कर. गाडीला छप्पर हवंच आहे आम्हाला."

रावजीनं हात जोडले. चार भिंतींचं ते गॅरेज गेलं तर पोट भरायचं कशावर? "सरकार, हे हुईल कसं?"

"हुईल की!" गाडीखालून आवाज आला. आधी दोन पाय, मग काळ्याकुट्ट हातांची हौसा बाहेर आली. रावजीची लेक. वेल्डिंगची कांडी बापापेक्षा सरळ चालवायची आणि जीभ त्याहून सरळ. "फकस्त गुरुवारी पिकदाणी आवरा म्हंजे झालं."

सरकार गेले. रावजी कपाळाला हात लावून बसला. हौसा मात्र तेलाची बुधली घेऊन वाड्यात गेली. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या, आत जायला तेवढं निमित्त पुरे!

"झोप नीट लागते का, आईसाहेब?"

"कसली लागते! नुसती डोळे मिटून पडते मेली."

"आवाज लई हुतो व्हय?"

"आवाज कुठला! कसं सुनं सुनं वाटतं." आईसाहेबांनी दाराकडे बघून घेतलं. "थोरले सरकार घोरायचे बाई. असे घोरायचे की पागेतले घोडे खिंकाळायचे! लग्न झालं तेव्हा रडले मी. पुढे सवय अशी लागली की त्यावाचून डोळा लागेना. आता ते गेले, झोपही गेली."

हौसाचा तेलाचा हात थांबला. "कसं घोरायचे जी?"

"आधी घुर्रर्र. मग जरा थांबा. मग फूऽऽ! आणि मिशी अश्शी उडायची!"

"फूऽऽ नीट समजलं न्हाई. आणखी एकवार करा की!"

आईसाहेबांनी इतकं मन लावून केलं, की दासी वैद्याला बोलवायला पळाली!

बुधवारभर पागेत ठिणग्या उडाल्या. दोन्ही पुंगळ्यांच्या पोटात हौसानं एक जाडजूड डबा जोडला. किंचाळी बसली, आवाज खोल गेला, छातीतून आल्यासारखा. मग तिनं पुंगळ्यांच्या टोकांना झाकणं लावली. ट्रॅक्टरच्या पुंगळीवर टकटक उडतात तसली!

"अगं, स्पोर्ट्स कारला ट्रॅक्टरची टोपडी? सरकार डोकं उडवतील!"

"डोकं न्हाई बाबा, हीच उडणार."

गुरुवारी दुपारी हौसाला शेजारी बसवून सरकारांची गाडी निघाली. गावातली तावदानं थरथरली, शिंप्यानं आधीच सुई खाली ठेवली. गाडी खिडकीखाली येऊन थांबली. घुर्रर्र... फूऽऽ! घुर्रर्र... फूऽऽ!

सरकार डोक्यावर परात धरून बसले होते. पिकदाणी येईना. बराच वेळ झाला, तरी येईना!

"देवळात गेल्या वाटतं," असं म्हणत त्यांनी चावी फिरवली. गाडी गप्प.

धाड्! खिडकी उघडली. आईसाहेब, केस मोकळे, डोळे तांबारलेले.

"जाग्या झाल्या! हरलीस पोरी!" सरकारांनी टाळी वाजवली. "पागा रिकामी!"

"थांबा सरकार! गाडी गरजत हुती तवर कोण उठलं? झोप मोडली ती तुमच्या चावीनं!"

"बंद कोणी केलं, बाळराजे?" वरून आवाज आला. "किती वर्षांनी डोळा लागला होता! मला वाटलं, हे आले!"

सरकारांनी गाडीखालून डोकावणाऱ्या झाकणांकडे बोट केलं. "आणि हे काय गं?"

"थोरल्या सरकारांची मिशी!"

आईसाहेबांनी चष्मा लावून खाली वाकून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "अगबाई! अगदी तश्शीच! पण एक राहिलं हो पोरी. मधूनच ते कूस बदलायचे."

"त्याला रिव्हर्स गिअर हाय की, आईसाहेब!"

सरकार असे हसले की फेटा सुटून स्टिअरिंगवर पडला. हसता हसता त्यांनी कमरेचा पागेच्या किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि हौसाच्या काळ्या हातात टाकला. "घे! पागा आजपासून तुझी. तुझ्या बापालासुद्धा विचारून आत यावं लागेल!"

आणि वरून हुकूम सुटला, "हसणं पुरे, बाळराजे! चावी फिरवा!"