दिसली तेवढी कौले

चुकीचा आकडा सांगणारे लोक त्या आकड्याखाली स्वतः झोपत नाहीत. ते आकडा सांगतात, चार माना डोलताना पाहतात आणि आपल्या पक्क्या घरी जातात. छपराखाली झोपतो तो दुसराच कोणीतरी. आणि आपण अशांना हुशार म्हणतो, हा आपला दोष.

फार फार पूर्वी, डोंगरांच्या एका राज्यात एक राणी होती. त्या राज्याच्या घाटमाथ्यावर बोचरा वारा सुटे आणि वाटसरूंना आडोसा नसे. राणीने तिथे धर्मशाळा बांधायचे ठरवले आणि काम कारभाऱ्यावर सोपवले.

कारभारी लबाड नव्हता. त्याला एकच खोड होती. प्रश्न कानावर पडला की उत्तर तयार.

"कारभारी, छपराला कौलं किती लागतील?" भरल्या दरबारात राणीने विचारले.

कारभाऱ्याने खिडकीतून समोरच्या, धर्मशाळेएवढ्याच कोठाराचे छप्पर पाहिले. एका रांगेतली कौले मोजली, रांगा मोजल्या, बोटांवर हिशेब केला आणि आकडा सांगितला. एक कौल मागवून तागडीत घातले आणि सगळ्या छपराचे वजनही सांगून टाकले.

"वा! बसल्या जागी!" दरबार म्हणाला. कारभाऱ्याला ते फार गोड लागले.

त्या आकड्यावर कुंभाराने नळीची कौले भाजली. त्या वजनावर सुताराने वासे तासले. कुंभाराची गाढवे घाट चढली, उतरली, पुन्हा चढली.

आणि निम्मे छप्पर शाकारून होते न होते तोच कौले संपली.

"गाढवांनी वाटेत खाल्ली की काय?" कारभारी कुंभारावर खेकसला.

"कारभारी, माझी गाढवं उपाशी असतात हे खरं," कुंभार म्हणाला, "पण कौलं खाण्याइतकी नाही."

कारभारी स्वतःच शिडीवर चढला. कुंभाराने आखूड कौले दिली असणार, ते दाखवावे म्हणून त्याने एक पालथे कौल उचलले. त्याच्या खाली दोन्ही बाजूंना उताणी कौले होती. त्यांचे माथे वरच्या कौलांखाली सरकवलेले होते, आणि त्या वरच्यांचे माथे आणखी वरच्यांखाली. कोठाराच्या छपरावर त्याने मोजला होता तो नुसता वरचा थर, आणि त्याचीही नुसती बाहेर दिसणारी शेपटे.

कारभाऱ्याने कौल होते तसे परत ठेवले.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?" त्याने खाली उभ्या कुंभाराला आणि सुताराला हळूच विचारले.

सुतार वासा कुरवाळत राहिला. "आकडा तुम्ही दरबारात सांगितलात. तिथं आम्ही कशाला तोंड घालायचं? पण आता सांगतो, हवी तेवढी कौलं चढवलीत तर हे वासे वाकतील."

एवढ्यावर कारभारी राणीकडे गेला असता, तर गोष्ट इथेच संपली असती. पण तो दरबार, त्या डोलणाऱ्या माना, ते "वा!" त्याला आठवले. धर्मशाळा नीट झाली नाही तर वाटसरू गारठणार होते आणि चूक कळली तर त्याचे नाव जाणार होते. त्याने नाव वाचवले.

"विरळ बसवा," तो म्हणाला. "टोकावर टोक टेकलं की पुरे."

छप्पर पुरे झाले. लांबून देखणे दिसे. राणी पाहायला यायची होती, त्याच्या आदल्या दुपारी कारभारी शेवटची नजर टाकायला आत गेला. एक म्हातारी कासारीण बांगड्यांनी भरलेला वेताचा हारा डोक्यावरून खाली ठेवून भिंतीला टेकली होती.

"ये बाबा, बस," ती म्हणाली. "कुणा पुण्यवंतानं बांधलंय. देव त्याचं भलं करो."

तेवढ्यात वारा उठला. छपरावर खडखड झाली. दुवा ऐकायला थांबलेल्या कारभाऱ्याने वर पाहिले आणि म्हातारीचा हात धरून तिला ओढले. कौले घसरत आली, थेट हाऱ्यावर पडली, आणि रंगीत काचांचा चुरा भुईभर पसरला.

कासारीण रडली नाही. रिकाम्या हातांनी तिने त्याचेच खांदे चाचपले. "तुला लागलं का रे?"

हा प्रश्न मात्र असा होता की कारभाऱ्याला उत्तर सुचेना.

दिवस मावळायच्या आत तो राणीपुढे उभा होता. कोठाराचे छप्पर, वरचा थर, विरळ बसवलेली कौले, कासारणीचा हारा, सगळे त्याने सांगितले. दरबारात कोणाची मान हलली नाही.

"हे शिडीवरून उतरल्या उतरल्या सांगितलं असतंत," राणी शांतपणे म्हणाली, "तर नुसत्या कौलांवरच भागलं असतं. आता छप्पर उतरवा. वासे बदला. म्हातारीचा हारा भरून द्या. आणि आणखी लागणारी कौलं?"

"ती मी वाहीन, राणीसाहेब," कारभारी म्हणाला. या वेळी तो घाईने बोलला नव्हता.

म्हणून सांगतो, चूक दिसताक्षणी कबूल करावी. लपवलेल्या चुकीचे वजन दुसऱ्याच्या डोक्यावर पडते.

नवी कौले भाजून झाल्यावर घाटात गाढवांची रांग चालली होती आणि तिच्या शेवटी, डोक्यावर कौलांची पाटी घेऊन, घामाघूम कारभारी. सर्वांत म्हाताऱ्या गाढवाने मागे वळून पाहिले आणि शेजारच्याला म्हटले, "दोन खेपा होऊ देत. मग याच्यासारखा मोजणारा मुलखात शोधून सापडायचा नाही."