जालिंदर दादाची पहिली कबुली

खडकपेठेत एक दादा राहत होता. त्याचं नाव जालिंदर. तो बाजारात नुसता खाकरला तरी भाजीवाल्या पाट्या आवरायला लागायच्या. मारामाऱ्या करणं, माणसं पळवणं, दुसऱ्यांची घरं बळकावणं, हाच त्याचा धंदा. दोन माणसं त्याच्या हातून मेली होती. तरी इतक्या वर्षांत त्याच्यावर एकही गुन्हा शाबीत झाला नव्हता.

त्याला कारण होती त्याच्या टोळीची एक रीत. गुन्हा दादाने करायचा आणि ठाण्यात जाऊन 'मी केला' असं टोळीतल्या दुसऱ्याच कुणी म्हणायचं. याला ते 'उभं राहणं' म्हणत. आज पाळी कुणाची, हे दादा पान चघळत ठरवायचा. ज्याची पाळी, तो बायकोला "जरा बाहेरगावी जाऊन येतो" असं सांगून निघायचा आणि पाच-सात वर्षांनी परत यायचा. यांच्यातल्या एकालाही भेटायला दादा कधी तुरुंगात गेला नाही. आपल्या गल्लीतला माणूस चार दिवस दिसला नाही तर आपण दार वाजवून विचारतो की नाही? दादाने कधी विचारलं नाही.

एकदा मात्र त्याने भर बाजारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकावर सुरा चालवला. तो माणूस वाचला, पण पोलिसांनी दादाला जागच्या जागी धरलं. आता त्याच्याऐवजी उभं कोण राहणार? मग वकिलाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. कोर्टात दादाने न्यायाधीशांना "आई" म्हणून हाक मारली आणि दूधभात मागितला. लोक तोंडाला रुमाल लावून हसले. न्यायाधीश हसले नाहीत. ते म्हणाले, "याला मनोरुग्णालयात ठेवा. खरा वेडा आहे की सोंग करतो, ते डॉक्टर सांगतील. शहाणा निघाला तर खटला पुढे चालवू."

अशा रीतीने दादा मनोरुग्णालयात आला. ती जागा काही वाईट नव्हती. अंगणात चिंचेची झाडं होती, आणि आमटी घरच्यासारखी असायची. रुग्णांच्या हाताला काम हवं म्हणून एका दालनात हातमाग बसवले होते. सकाळची न्याहारी झाली की दुपारपर्यंत मागांची खटाक-खटाक चालायची. कुणी चादर विणे, कुणी पंचा.

दादाने सोंगासाठी एक बादली धरली. दिवसभर तिच्याशी गप्पा मारायचा. झाडलोट करणाऱ्या शेवंता मावशी वैतागायच्या. "अरे बाबा, तुझं बोलणं झालं की सांग. मला तिच्यात पाणी भरायचंय!"

त्याच्या शेजारच्या खाटेवर त्र्यंबक कासार होता. गावोगाव फिरून बांगड्या भरणारा. एका लग्नघरात बांगडी भरताना काच फुटली, नवरीच्या हाताला लागली आणि पुढे योगायोगाने ते लग्नच मोडलं. ते त्र्यंबकच्या मनाने असं काही घेतलं, की जगातली प्रत्येक वाईट गोष्ट आपणच केली असं त्याला वाटायला लागलं. आमटी खारट झाली की तो हात जोडायचा, "मीच केली." वाळत घातलेल्या चादरीवर कावळा घाण करून गेला, "मीच." रेडिओवर दूरच्या पुराची बातमी लागली, तर हा जेवणावरून उठायचा.

तिथल्या डॉक्टर निमकर बाईंनी त्याला एक सवय लावली. "त्र्यंबकराव, 'मीच' म्हणायच्या आधी आपल्या हातांकडे बघायचं. आणि विचारायचं, हे या हातांनी केलं का?" औषधं चालू होती, मागावर काम चालू होतं. हळूहळू गुण आला. तीन महिन्यांत त्र्यंबक एकदाही 'मीच' म्हणाला नव्हता. बाईंनी त्याच्या बहिणीला पत्र घातलं. ती येत्या सोमवारी त्याला न्यायला येणार होती.

दादाला काही कळत नाही असं समजून त्र्यंबक त्याच्याजवळ मन मोकळं करायचा. "दादा, माझी शकूताई येणार बघा. तिच्यासाठी पंचा विणलाय. काठ जरा वाकडा आलाय, पण ती म्हणेल छान आहे. ती तशीच आहे." स्वतःच्या वाटचं केळं तो अर्धं करून दादाला द्यायचा. दादा ते बादलीला दाखवून खायचा.

पण दादाचं लक्ष दुसरीकडे होतं. त्याचा एक माणूस भेटायला आला तेव्हा शंकरपाळ्यांच्या डब्यात तळाशी लोखंड घासायची कानस ठेवून गेला होता. सकाळी माग सुरू झाले की दादा न्हाणीघरात जायचा आणि खिडकीचा गज घासायचा. मागांच्या आवाजात ते कुणाला ऐकू जायचं नाही. अकरा दिवसांत गज कापत आला होता. बुधवारी बाजाराच्या गर्दीत भिंतीपलीकडे जीप येऊन थांबायची होती. मग ना खटला, ना तुरुंग.

शनिवारी सकाळी शेवंता मावशींनी न्हाणीघराची फरशी पुसली आणि फडक्याला काळी काळी पूड लागली. त्यांनी वर बघितलं आणि एकच आरडाओरडा केला. "अगं बाई! खिडकी कापली कुणीतरी!"

डॉक्टर बाईंनी सगळे माग थांबवले. सगळ्यांना दालनात उभं केलं. गज कुणी कापला, असं त्यांनी शांतपणे विचारलं. शेवंता मावशी कमरेवर हात ठेवून एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. दादा बादलीशी कुजबुजत होता, पण त्याच्या कपाळाला घाम फुटला होता.

त्र्यंबकने आपले दोन्ही हात समोर धरले. तो त्या हातांकडे बघत होता. बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. आणि मग तो म्हणालाच, "मीच. बाई, मीच केलं."

बाईंचा चेहरा पडला. त्यांना पक्कं ठाऊक होतं, हे काम त्र्यंबकचं नव्हे. पण दुखणं परत आलं होतं, आणि अशा माणसाला सोमवारी घरी कसं पाठवायचं? उद्या गावात चोरी झाली तर हा ठाण्यात जाऊन उभा राहील. त्या हळूच म्हणाल्या, "शकूताईंना कळवावं लागेल. आणखी काही महिने थांबू या."

दादाला क्षणभर हायसं वाटलं. चला, एक जण उभा राहिला. नेहमीसारखं झालं.

त्र्यंबक शेजारच्या खोलीत आपल्या खाटेकडे गेला. उघड्या दारातून तो सगळ्यांना दिसत होता. तीन दिवस आधीपासून त्याने पिशवी भरून ठेवली होती. ती त्याने उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागला. धुतलेला सदरा काढला. फणी काढली. मग तो वाकड्या काठाचा पंचा काढला, त्याची घडी परत नीट केली आणि उशीखाली ठेवला. रडला नाही, तक्रार केली नाही. परत येऊन आपल्या मागावर बसला.

दादा हे बघत होता. इतकी माणसं त्याच्यासाठी उभी राहिली, पण ती त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जायची. मागे काय होतं, कुणाच्या घरी कोण वाट बघतं, ते त्याने कधी बघितलंच नव्हतं. आज पहिल्यांदा बघितलं, आणि ते त्याला बघवेना. बोलावं तर सोंग संपणार. गप्प बसावं तर बुधवारी सुटका; नवा गज बसवायला लोहार गुरुवारशिवाय येत नव्हता. त्याने बादली खाली ठेवली.

"त्र्यंबक, ती पिशवी परत भर."

सगळ्यांनी चमकून बघितलं. आवाज अगदी सरळ, खणखणीत होता.

"बाई, गज मी कापलाय. डावीकडून दुसरा. अकरा दिवस लागले. कानस तिसऱ्या मागाच्या फळीखाली आहे, बघून घ्या."

शेवंता मावशी मटकन खाली बसल्या. "अरे मेल्या, म्हणजे त्या बादलीशी बोलायचं सगळं नाटक? आणि मी तिला बिचकून हात लावत होते!"

बाई दादाजवळ आल्या. "जालिंदरराव, आज तुम्ही पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललात."

"हो ना," दादा म्हणाला. "तीच तर भीती होती."

कानस सांगितल्या जागी सापडली. ती हातात घेऊन बाई त्र्यंबकसमोर बसल्या. "त्र्यंबकराव, ज्याने केलं त्याला कुठला गज, किती दिवस, कशाने, सगळं सांगता येतं. तुम्ही सांगा बरं, कुठला गज?"

त्र्यंबक गोंधळला. "मला नाही माहीत."

"मग कुणी केलं हे?"

त्याने दादाकडे बघितलं. मग आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, बांगडी भरताना मनगट बघतात तसे निरखून. त्याच्या चेहऱ्यावर हळूच हसू आलं. "मी नाही केलं," तो म्हणाला. "बाई, हे मी नाही केलं!"

पुढचा एक दिवस बाईंनी त्याच्यावर नजर ठेवली. रविवारी भात करपला. सगळ्यांनी त्र्यंबककडे बघितलं. तो म्हणाला, "मला काय विचारता? आचाऱ्याला विचारा." सोमवारी शकूताई आली आणि भावाला घेऊन गेली. पंचाचा काठ वाकडा आहे हे तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

दादाला पुन्हा कोर्टात नेलं. जुने गुन्हेही उकरून काढले गेले. बाहेर टोळीतला एक जण अंगात स्वच्छ कपडे घालून, उभं राहायला तयार होऊन आला होता. दादाने त्याला जवळ बोलावलं. "लग्न झालंय का रे तुझं?"

"झालंय, दादा. पोरगी आहे दोन वर्षांची."

"मग घरी जा. आणि हे बघ, आजपासून कुणी कुणासाठी उभं राहायचं नाही. सांग सगळ्यांना."

आत जाऊन दादाने एकेक गुन्हा स्वतःच्या तोंडाने सांगितला. त्याच्यासाठी जी माणसं तुरुंगात होती, त्यांचीही नावं सांगितली. नावं आठवायला त्याला वेळ लागला, पण सांगितली. काही महिन्यांनी ती माणसं आपापल्या घरी गेली, आणि दादाला लांबलचक शिक्षा झाली.

तुरुंगात तो भाजीच्या वाफ्यांवर काम करायला लागला. जेवण करून झाडाखाली पाठ टेकायचा. एकदा जेलर साहेबांनी विचारलं, "काय जालिंदर, चार दिवस गप्प राहिला असतास तर सुटला असतास. पस्तावा होत नाही?"

दादा मेथी निवडत म्हणाला, "नाही साहेब. इतकी वर्षं मी कुणाच्या तरी घरातला माणूस उचलून माझ्या जागी ठेवत होतो. आता माझ्या जागी मी आहे. बरं वाटतं."

तात्पर्य: आपण केलेलं दुसऱ्याच्या अंगावर टाकून कुणी सुटत नाही, आणि न केलेलं अंगावर घेऊन कुणाचं भलं होत नाही. ज्याचं त्याने कबूल करावं, म्हणजे दोघांनाही स्वस्थ जगता येतं.