साकवाएवढी सुतळी

वैजयंता शिगवण ही डोंगरातल्या सात वाड्यांची गुरांची डॉक्टर. गेल्या साली तिची जुनी गाडी चढावर बंद पडली आणि ती पायी पोचेपर्यंत वेताला अडलेली म्हैस दगावली. तेव्हाच तिने ठरवलं, आता डोंगर चढणारी गाडी घ्यायची.

कोल्हापूरच्या शोरूममध्ये मॅनेजर बिवलकर स्वतः पुढे आले. सगळ्यात दांडगी गाडी दाखवून म्हणाले, "मॅडम, हिला दगड, चिखल, चढण, काही अडवत नाही. रस्ता नसला तरी चालते!"

वैजयंताने पिशवीतून सुतळी काढून गाडीपुढे आडवी ताणली. गाडी दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर उरली.

"हे काय?" बिवलकर हसले. त्यांच्यामागोमाग अख्खं शोरूम हसलं.

"खोल घळीवरच्या आमच्या साकवाची रुंदी. पलीकडे तीन वाड्या आहेत." तिने शेजारच्या छोट्या गाडीलाही सुतळी लावली. ती चार बोटं राखून आत बसली. "हिची ताकद कमी आहे खरी, पण आमचे चढ चढण्यापुरती आहे, आणि ही पलीकडे पोचेल."

"एवढी जबरदस्त गाडी सोडून हे पिल्लू?" बिवलकर उसळले. "त्यापेक्षा सरपंचांना सांगून साकवच रुंद करून घ्या की!"

"साहेब," वैजयंता शांतपणे म्हणाली, "गाडीसाठी आधी रस्ताच करून घ्यायचा, तर माझी जुनी गाडी काय वाईट होती?"

शोरूम पुन्हा हसलं, या वेळी बिवलकरांना सोडून. वैजयंताने ताठ मानेने छोट्या गाडीच्या ऑर्डरवर सही केली आणि सुतळी बिवलकरांच्या टेबलावर ठेवून दिली.