ठकूआत्याचा दोर

फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीरस्ता नव्हता आणि जो तो आपल्या पायांच्या भरवशावर होता, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत कातळवडे नावाचं गाव होतं, अजूनही आहे. गाव म्हणजे सगळा उतार. घरं वर, पाण्याचा झरा खाली आणि मधे निसरडा कातळ.

या गावाची एक रीत होती. म्हातारं माणूस एकदा का घसरून पडलं, की त्याला खाटेवर ठेवायचं आणि पुन्हा जमिनीला पाय लावू द्यायचा नाही. जाच म्हणून नव्हे हो, मायेनं! ज्या घरचं म्हातारं जास्त निवांत पडून, त्या घरचे लेक-सुना गुणाचे. म्हातारा अंगणात दिसला, की शेजारी कुजबुजायचे, "यांना बाप जड झाला वाटतं." म्हणून मुलं बापाला दूधभात भरवायची, पाय चेपायची, उठू मात्र द्यायची नाहीत. मग पाठीला जखमा व्हायच्या, पाय वाळायचे, बोलणं तुटायचं आणि वर्षाच्या आत म्हातारं जायचं. गाव डोळे पुसून म्हणायचं, वय झालं होतं.

तिथं बाळोजी नावाचा दोर वळणारा होता. त्याचे अंबाडीचे दोर पंचक्रोशीतल्या विहिरींवर चालायचे. ऐन सुगीत तो झऱ्याच्या वाटेवर पडला. हाड मोडलं नाही, नुसती कंबर धरली. तरी त्याच्या मुलानं, सुभानानं, रीतीप्रमाणे बापाला खाटेवर नेऊन ठेवलं.

दोन महिन्यांनी बाळोजीची लेक ठकू कायमची माहेरी आली. नवरा वारला होता आणि सासरचं दार तिला बंद झालं होतं. गावची लेक म्हणून सगळं गाव तिला पुढे आत्या म्हणू लागलं. आल्या दिवशी तिनं बापाच्या अंगावरची वाकळ काढली आणि तिला रडूच कोसळलं. बैलाला आवरणारे दोर ज्या हातांनी वळले, त्या हातांना आता भाकरी मोडेना.

"आबा, काय पायजे तुमास्नी?" तिनं विचारलं.

बाळोजी बराच वेळ नुसते ओठ हलवत राहिला. मग म्हणाला, "झऱ्याचं पानी. माझ्या वंजळीनं."

सुभाना धावत जाऊन तांब्या घेऊन आला. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

"उद्यापासनं मी आबाला चालवनार," ठकू म्हणाली.

"येडी का खुळी तू?" सुभाना कळवळला. "एकदा पडला न्हवं त्यो? आन् लोक काय म्हनतील?"

गोष्ट पाटलांपर्यंत गेली. पाटलांनी पारावर बसून निवाडा दिला. चैत्रातल्या जत्रेला ठकूनं बापाला झऱ्यापर्यंत चालवून दाखवावं. तो पुन्हा पडला, तर त्यानं जन्माची खाट धरावी आणि तिनं गाव सोडावं. जायला तिला दुसरी जागा नव्हती, तरी ती म्हणाली, "कबूल."

पहिला दोर तिनं खाटेच्या वर आढ्याला बांधला. तो धरून बाळोजी उठून बसायला शिकला. ती त्याच्या जखमा कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायची, घटकाघटकेला कूस बदलायची, नाचणीची आंबील पाजायची. दुसरा दोर भिंतीच्या कडेनं दारापर्यंत गेला, तिसरा अंगणात. दर पाच हातांवर एक गाठ. गाठ आली की थांबायचं, दम घ्यायचा, मग पुढची गाठ. बाप आज चार गाठी चालला, की उद्यासाठी पाचवी तयार. मेढी रोवत, झाडांना वळसे देत दोर उतार उतरू लागला.

गाव फिदीफिदी हसायचं. "गुराला दावं बघितलं होतं, बापाला दावं पहिल्यांदाच बघतोय!"

असं म्हणतात, की ठकूच्या घरात त्या वर्षी अंबाडीच्या दोनच पेंढ्या होत्या, पण ती वळत गेली तसा त्या पेंढ्यांचा वाख सरेचना. पटत नसेल तर सोडून द्या. दोर झऱ्यापर्यंत पोचला, एवढं मात्र कुणी नाकारत नाही.

जत्रेच्या सकाळी वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसांची ही गर्दी! बाळोजी निघाला. दहा गाठी, वीस गाठी, तीस. तेहतिसाव्या गाठीपाशी, सुगीत तो जिथं पडला होता, तोच शेवाळलेला कातळ होता. तिथं त्याचा पाय सटकला. बायका किंचाळल्या. सुभाना झेपावला.

"हात लावू नगंस!" ठकू ओरडली. "दोर त्यांच्या हातात हाय!"

असं म्हणतात, की त्या क्षणी दोर घुमला आणि वाटेवरच्या सगळ्या मेढी म्हाताऱ्याच्या बाजूनं झुकल्या. बाळोजी लोंबकळला, पण त्याची मूठ सुटली नाही. त्यानं एक पाय रोवला, मग दुसरा, आणि उभा राहिला.

"तिला दोर वळाय म्या शिकवलंय," तो सुभानाला म्हणाला. "तुटंल व्हय?"

आणि तो झऱ्याशी गेला, वाकला आणि स्वतःच्या ओंजळीनं पोटभर पाणी प्यायला. गावानं असा जल्लोष केला, की जत्रेचे ढोल ऐकू येईनात.

तेवढ्यात दोर पुन्हा हलू लागला. लोकांनी मागं वळून पाहिलं. घराघरातून म्हातारी माणसं बाहेर पडत होती. कुणी बसत, कुणी रांगत, दोराला हात घालत होती. आंधळी साळूबाई गाठी चाचपत येत होती. असे अकरा जण. काहींनी तीन-तीन वर्षं ऊन पाहिलं नव्हतं. तिसरी होती पाटलांची आई. पाटील वाटेत तोंड उघडं टाकून उभे.

"बाजूला हो की रं," म्हातारी म्हणाली. "वाट आडवलीस."

पाटलांनी डोक्यावरचं पागोटं काढलं, ठकूच्या पायाशी ठेवलं आणि ते सगळ्यांदेखत लेकरासारखे रडले. ती खाटेची रीत त्या दिवशी संपली.

बाळोजी एकशे पाच वर्षं जगला, असं म्हणतात. ठकूआत्याही पुढे खूप म्हातारी झाली आणि अखेरच्या दिवशीसुद्धा आपल्या पायांनी झऱ्यावर गेली.

आता गावात नळ आहे, रस्ता आहे, एसटी येते. तरी दरवर्षी जत्रेआधी प्रत्येक घर पाच हात दोर वळतं आणि त्याला आपली एक गाठ मारतं. सगळे तुकडे जोडून दोर झऱ्यापर्यंत बांधतात. सगळ्यात म्हातारं माणूस पहिलं चालतं आणि पाटलाच्या घरचा माणूस वाटेतून बाजूला होऊन त्याला नमस्कार करतो. एरवीही कातळवड्यात म्हाताऱ्या माणसाला कुणी "बरं आहे ना?" असं विचारत नाही. "आज किती गाठी?" असं विचारतात. म्हातारी माणसं एखाद-दोन गाठी वाढवूनच सांगतात. तेवढं आत्या माफ करते, असं म्हणतात.