भगवतीचा गाल

"नाक झिजून गेलं होतं तिचं, अण्णा. ओठ नव्हते. मी दिले. यात माझं चुकलं कुठं?"

केरबा सिदोबा ओताऱ्यांना विचारत होता. मूर्ती ओतण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, पण आता दृष्टी गेली होती. केरबा त्यांचा पट्टशिष्य. अंगात गुण भरपूर, आणि त्याची जाणीव त्याहून भरपूर.

गावची भगवती कांस्याची, शेकडो वर्षांची. सासरी निघालेली लेक तिच्या गालावरून हात फिरवायची, मगच वेस ओलांडायची. किती पिढ्यांच्या लेकी... देवीचा चेहरा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. डागडुजीसाठी देऊळ बंद झालं, तेव्हा केरबाला ते बघवेना. कुणाला न विचारता त्यानं छिन्नी-कानस घेतली आणि शास्त्राबरहुकूम नवा मुखडा कोरला.

काम देखणं झालं होतं, खोटं कशाला बोला. पण देऊळ उघडलं त्या दिवशी एक नवरी आली, देवीकडे बघत राहिली आणि लांबूनच हात जोडून निघून गेली. तेव्हापासून केरबाला अन्न गोड लागत नव्हतं.

"मला तिच्यापाशी ने," सिदोबा म्हणाले.

गाभाऱ्यात त्यांनी सवयीनं गालावर अंगठा टेकवला. अंगठा नव्या नाकाच्या धारेला अडला. त्यांनी पुन्हा चाचपून पाहिलं...

"ही कोण रे?"

"आपलीच, अण्णा."

"आमची लेक तानू सासरी निघताना इथंच हात फिरवून गेली होती. पहिल्या बाळंतपणात गेली, परत आलीच नाही. म्हणून मी रोज यायचो."

अण्णा रोज देवळात का जातात, हे इतक्या वर्षांत केरबाला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. त्याला रडू आवरेना.

"मी घासून पुन्हा गुळगुळीत करतो. नाहीतर वितळवून नवी ओततो. तुम्ही म्हणाल ते करतो, अण्णा..."

"कानस चालवलीस, तेव्हा त्या गालाचा कीस निघाला असंल. तो कुठं टाकलास?"

"झाडून... उकिरड्यावर."



सिदोबांनी आधारासाठी हात पुढं केला.

"चल, तिकडं ने मला. तानूला भेटून लई दिवस झाले."