सहासष्ट टक्के

“घट झाली, मान्य. पण कोणाची?” मुजावरचाचांनी विचारलं.

डॉक्टर सलील ओगलेला प्रश्नच कळेना. “कोणाची म्हणजे? ओवी चौगुलेची. सहा महिन्यांपूर्वी फुप्फुसाची ताकद अठ्ठ्याहत्तर टक्के होती, आज सहासष्ट. तिन्ही फुंका सारख्या आल्या. उद्यापासून दोन आठवडे ॲडमिट करायचं.”

ओवी तेरा वर्षांची. सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसात चिकट कफ साठवणारा जन्माचा आजार. शनिवारी जिल्ह्याची लेझीम स्पर्धा होती आणि ती पहिल्या रांगेत होती. ॲडमिट हा शब्द ऐकल्यापासून ती बाहेर बाकावर आईच्या पदरात तोंड खुपसून बसली होती.

चाचा तीस वर्षं त्या इस्पितळात लोकांचा श्वास मोजत होते. एक मशीन, एक खुर्ची, एक खिडकी, एवढाच त्यांचा मठ. मोठ्या डॉक्टरांनी सलीलला महिनाभर त्यांच्या हाताखाली बसवलं होतं आणि आपल्या सुवर्णपदकवाल्याला ते भलतंच झोंबलं होतं. दहावी पास माणसाकडून काय शिकायचं?

“तुम्ही बसा खुर्चीत,” चाचा म्हणाले.

“मी? मी अर्धी मॅरेथॉन पळतो, चाचा.”

“मग तर बसाच.”

सलील बसला. नळी तोंडात धरली, नाकाला चिमटा लावला. चाचा हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत म्हणाले, “दीर्घ श्वास घ्या. जोरात सोडा. हं.”

सलीलने फुंकलं. पडद्यावर आकडा आला. एक्क्याऐंशी.

“अरेरे,” चाचा हळहळले. “घट झाली की हो डॉक्टरसाहेब. ॲडमिट करू?”

सलीलचे कान लाल झाले. “मशीन बिघडलंय.”

“असेल. पुन्हा फुंका.”

या वेळी चाचांनी चपला काढल्या, गुडघे वाकवून समोर उभे राहिले आणि ओरडले, “ओढा, ओढा, ओढा, अजून ओढा! आता सोडा! धडाक्यात! सोडा, सोडा, थांबायचं नाही, राहिलाय अजून तळाशी, तोही काढा, शाब्बास, काढा!”

सलीलच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. आकडा आला. एकशे सहा.

“सकाळी ओवी फुंकत होती, तेव्हा तुम्ही कुठं होता?” चाचांनी विचारलं.

“इथंच. टेबलापाशी. आकडे लिहीत.”

दार उघडून चाचांनी ओवीला आत बोलावलं, तिला घोटभर पाणी दिलं, आणि स्वतः टेबलापाशी जाऊन बसले. समोरची जागा सलीलसाठी मोकळी होती.

“पण चाचा,” सलील कुजबुजला, “हा आजार वाढतोच. कधीतरी आकडा खरंच कमी होईल.”

“होईल ना. ज्या दिवशी होईल त्या दिवशी मीच लिहीन. रडत लिहीन, पण लिहीन.”

सलीलने घसा खाकरला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “ओढ… ओढ…”

ओवीला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, तो जाईपर्यंत सगळे थांबले. पहिली फुंक एकाहत्तर.

दुसऱ्या वेळी सलीलने बूट काढले. पंचाहत्तर.

तिसऱ्या वेळी त्याला स्वतःचं भान राहिलं नाही. “सोड ओवी! सोड, सोड, लेझीम आहे शनिवारी, पहिली रांग आहे, अजून, अजून, तळातला काढ, थांबू नकोस, काढ!” व्हरांड्यातल्या दोन नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. ओवीची आई पदराची मूठ वळून पुटपुटत होती. ओवी लालबुंद झाली, पार वाकली, आणि उरलासुरला श्वास नळीत घालूनच वर आली.

एकोणऐंशी.

ओवी आनंदाने किंचाळली. आईने तिला उराशी धरलं. मोठ्या डॉक्टरांनी तिन्ही आकडे पाहिले, छाती तपासली आणि घरी पाठवलं. जिन्यावरून लेझमीचे ठेके तोंडानेच वाजवत ती खाली गेली. सलील अनवाणीच दारापर्यंत गेला होता. त्याचा आवाज बसला होता आणि पदक मिळालं त्या दिवशीही तो इतका खूश नव्हता.

परत येऊन त्याने सकाळचा कागद उचलला. वर ओवीचं नाव, खाली सहासष्ट टक्के.

“चाचा, हा फाडून टाकू?”

चाचा चपला घालत होते.

“फाडायचा कशाला? फक्त नाव बदला. तिच्या जागी तुमचं घाला.”