लिगेरीच्या मागे कोण

फार वर्षांपूर्वी, दगडी मनोऱ्यांत माणसं राहत आणि माणसांत वैर राही, तेव्हाची ही गोष्ट. ग्रीस देशाच्या दक्षिण टोकाला मानी नावाचा मुलूख आहे. एका अंगाला बोडका डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधे दगडच दगड. घरं दगडाची, बांध दगडाचे. तिथल्या बायका म्हणत, आमच्याकडे पेरलं तर दगड उगवतो, आणि नाही पेरलं तर नक्कीच उगवतो.

त्या मुलखात आर्मिरी नावाचं गाव होतं. गावाच्या अगदी खालच्या घरात, जिथे होड्या ओढून ठेवत तिथे, लिगेरी राहायची. तिचा नवरा पिएरोस आणि तिचे दोघे भाऊ, स्तामातिस आणि लिआस, एकाच सकाळी, एकाच होडीतून मासे धरायला गेले, ते आलेच नाहीत. समुद्राने प्रेतंसुद्धा दिली नाहीत. तिकडे मेलेल्याच्या उशाशी बसून बायका त्याच्याशी बोलावं तशा गातात. रिकाम्या खाटेपुढे कसं गाणार? म्हणून अठरा वर्षं ते गाणं तिच्या घशात अडकून राहिलं, असं म्हणतात.

आता तिथला एक रिवाज सांगायला हवा. वैऱ्याच्या मनोऱ्याखालून कुणाला जायचं असलं, तर तो एखाद्या मोठ्या घराण्यातल्या माणसाची सोबत मागे. सोबती पुढे चाले. वरून प्रश्न येई, "तुझ्या मागे कोण?" मग सोबत्याने आपलं घराणं सांगायचं आणि घरात बंदुका किती ते सांगायचं. ते ऐकून वरचा माणूस वाट सोडे. एकच नियम होता. सोबत्याने वाटेत मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं, तर त्याचा स्वतःच्याच शब्दावर भरवसा नाही असं ठरे, आणि सोबत तिथेच मोडे.

एका दुपारी किनाऱ्याला एक होडी लागली आणि निकिफोरोस द्रागाकोस उतरला. वीस वर्षांपूर्वी त्याच्या हातून वोलिआस घराण्यातल्या एकाचा खून झाला होता, आणि तो परदेशी पळाला होता. आता वरच्या मनोऱ्यात त्याची आई शेवटच्या घटका मोजत होती. वर जायची वाट एकच, तीही वोलिआसांच्या मनोऱ्याखालून. त्याने तीन मोठ्या घरांची दारं ठोठावली. तिन्ही ठिकाणी त्याला पाणी मिळालं, सोबत मिळाली नाही. परतताना तो लिगेरीच्या उंबऱ्यावर मटकन बसला. तिने विचारपूस केली नाही. भिजवलेल्या कडू शेंगांचे दाणे आणि मीठ पुढे ठेवलं. त्याने खाल्लं, आणि खाता खाता सगळं सांगितलं.

"थिया," तो म्हणाला, कारण तिकडे वडीलधाऱ्या बाईला मावशी म्हणून अशीच हाक मारतात, "आई संध्याकाळ काढायची नाही म्हणतात."

"मी येते सोबतीला."

"पण तुमच्या मागे कोण आहे?"

"कुणी नाही. म्हणून तर येते. मला मारलं तर कुणाला सूड घ्यावा लागणार नाही."

लिगेरी पुढे आणि तो मागे, असे दोघं चढू लागले. मनोऱ्याच्या गच्चीवर म्हातारा यानारोस वोलिआस बंदूक घेऊन उभाच होता. ज्याचा खून झाला तो त्याचा मुलगा.

"लिगेरी," तो वरून म्हणाला, "तुझ्या घरात बकरीसुद्धा एकटीच असते. कुणाच्या जोरावर निघालीस? तुझ्या मागे कोण?"

लिगेरी थांबली. खोटं घराणं सांगता आलं असतं, पण तिला खोटं जमत नसे. ती म्हणाली, "पिएरोस. स्तामातिस. लिआस."

म्हातारा हसला. त्याने नेम धरला. आणि तेवढ्यात लिगेरीला मागे पावलं ऐकू आली.

ओली पावलं होती ती. दगडावर चपचप वाजत होती. शेवाळाचा वास आला. एक चाल तिने ओळखली. एक पाऊल नीट, दुसरं घसटत. पिएरोसचा डावा पाय लहानपणी मोडला होता, तो तसाच चालायचा. वर म्हाताऱ्याची बंदूक हळूहळू खाली आली. तीन दिवस त्याला वाचा नव्हती, असं म्हणतात. चौथ्या दिवशी त्याने सांगितलं की वाट खालच्या होड्यांपर्यंत माणसांनी भरली होती. पुढे तिघे, आणि त्यांच्यामागे समुद्राने परत न दिलेले सगळे. सगळ्यांच्या केसांतून पाणी निथळत होतं.

लिगेरीने मात्र काही पाहिलं नाही. नुसती मान वळवायची होती. अठरा वर्षांत तिच्या इतकं जवळ कुणी आलं नव्हतं. पण मान वळली असती तर सोबत मोडली असती, आणि निकिफोरोस तिथेच पडला असता. तिने एक पाऊल पुढे टाकलं. मग दुसरं. दातांखाली दाबून तिचे ओठ रक्ताळले होते, असं निकिफोरोस पुढे आयुष्यभर सांगे.

आईच्या मनोऱ्यापाशी पोचल्यावर निकिफोरोस आत गेला. आईने डोळे न उघडता त्याचा चेहरा चाचपला आणि त्याचं नाव घेतलं. मग लिगेरी वळली. वाट रिकामी होती. दगडांवर ओले ठसे होते आणि ऊन ते पुसत होतं. घसटलेल्या पायाच्या एका ठशापाशी ती बसली आणि तो उशिरा वाळावा म्हणून आपली सावली त्यावर धरून राहिली.

त्यानंतर लिगेरीने कुणालाच सोबत नाकारली नाही. तिच्यावर कुणी बंदूक उचलली नाही. लोकांना वाटे, तिच्यामागे फौज चालते. काही म्हणतात, ती लोकांसाठी जायची. काही म्हणतात, ती पावलं ऐकायला जायची, आणि पुन्हा ती तिला एकदाही ऐकू आली नाहीत. यातलं खरं काय, हे ठरवणं अवघड आहे. कदाचित दोन्ही खरं असेल.

आता ते वैर राहिलं नाही. मनोऱ्यांत उन्हाळ्यात पाहुणे उतरतात आणि गच्चीवरून समुद्राचे फोटो काढतात. हिवाळ्यात गावात अकरा माणसं उरतात. पण एकटं राहणारं कुणी चर्चला निघालं, दवाखान्यात निघालं, किंवा एखादा एकटा पाहुणा धक्क्याकडे निघाला, की जवळच्या घरातलं कुणीतरी हातातलं काम ठेवून दहा पावलं मागून चालू लागतं. बोलत नाही, हाक मारत नाही. याला तिथे 'लिगेरीला जाणं' म्हणतात. पुढच्याने वळून पाहायचं नसतं. आणि पोचल्यावर, मागे कोण होतं, हेही विचारायचं नसतं.